ऑनलाइन अभ्यासगट: पाच भाग करून वाटू नका, एकमेकांशिवाय अडेल असे काम बांधा

ऑनलाइन अभ्यासक्रमात गटाला प्रकल्प मिळाला की पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहिते, ‘पाच जण आहोत, पाच भाग करूया’. सगळे अंगठा दाखवतात आणि गट तीन आठवडे गप्प होतो. शेवटच्या रात्री फायली येतात. दोन फायलींत तेच मुद्दे असतात, एकीतले अक्षर मोबाइलवर उघडतच नाही, एक तर आलेलीच नसते. ज्याला राहवत नाही तो मध्यरात्रीपर्यंत जागून सगळे जोडतो. भांडण कोणाशी झालेले नसते आणि आळशीही कोणी नसतो. चूक कामाच्या बांधणीत असते. प्रत्येकाला आपला भाग इतरांना न विचारता पुरा करता येतो, म्हणून कोणी कोणाला विचारत नाही.

नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांकडे वेळ मोजका असतो. ज्याची गरज नाही त्या गोष्टीला ते वेळ देणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही. म्हणून गट चालवणाऱ्याने ‘सहकार्य करा’ असे सांगत बसण्यापेक्षा सहकार्य केल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असे काम द्यावे. पुढचे सगळे याच एका गोष्टीसाठी आहे. अभ्यासक्रम चालवणाऱ्या शिक्षकाने ते वाचावे, आणि शिक्षकाने गट नुसता करून सोडून दिला असेल तर गटातल्यांनीही.

किती जण आणि कोण कोणाबरोबर

पाच जण घ्या. चार चालतील, सहा ही शेवटची मर्यादा. पाच जणांत एकमेकांशी जुळण्याच्या जोड्या 10 होतात, आठ जणांत 28. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढ्या जोड्या कोणी सांभाळत नाही. दोन-तीन जण बोलतात आणि बाकीचे वाचतात. तीन जणांचा गट मात्र टाळा. एकाची ड्यूटी लागली की गटाची जोडी होते, दुसरा आजारी पडला की उरते एकट्याचे काम.

गट मोठा झाला की माणूस कमी जोर लावतो, ही गोष्ट जुनी आहे. फ्रान्समधले शेती-अभियंते मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढणाऱ्यांचा जोर मोजला आणि 1913 साली ती मोजमापे छापली. माणसे वाढली तसा दर माणशी जोर घटत गेला. 1979 मध्ये बिब लॅटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणे आणि ओरडणे यांवर हेच तपासले. गटात प्रत्येकाचा आवाज कमी पडला. त्यांचा 1981 चा प्रयोग आपल्या अधिक कामाचा आहे. आपला आवाज वेगळा मोजला जातो आहे हे कळले तेव्हा लोक गटातही पूर्ण जोराने ओरडले. थोडक्यात, कोणी काय केले हे दिसले पाहिजे. ते कसे दाखवायचे ते पुढे आहे.

गट पाडताना गोव्यात एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. एकाच शाळेतल्या मुख्याध्यापिका आणि त्यांच्या हाताखालची शिक्षिका एका गटात आल्या तर शिक्षिका सहा आठवडे ‘हो बाई’ एवढेच म्हणेल. अंगणवाडी सेविका आणि तिची पर्यवेक्षिका, बँकेतला कारकून आणि शाखाधिकारी यांचेही तसेच. सख्खे नातेवाईक एकत्र आले तर ते आपसात फोनवर ठरवतात आणि उरलेल्या तिघांना निर्णय तेवढा कळतो. नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाकडून दोन ओळी लिहून घ्या: नोकरी कुठे, आणि या वर्गात ओळखीचे कोण. मग गट पाडा. पेडणे, डिचोली, फोंडा, सासष्टी, काणकोण असे तालुके मिसळले तर आणखी चांगले, कारण प्रत्येकाजवळ दुसऱ्याला ठाऊक नसलेले काहीतरी असते.

वेळ आधी, विषय नंतर

‘सगळ्यांना कधी जमेल?’ असे विचारू नका. त्याला ‘मला कधीही चालेल’ हेच उत्तर येते आणि ते खरे नसते. उलट विचारा: कधी अजिबात जमणार नाही? ज्याच्या अडचणी सर्वांत जास्त त्याची वेळ पहिली धरा. कळंगुटच्या हॉटेलात पाळीवर असणाऱ्याला ऑक्टोबर ते मार्च संध्याकाळ मोकळी नसते. घरची चूल सांभाळणारीला रात्री आठ ते नऊ मिळणार नाही. शेवटच्या बसने घरी पोहोचणारा साडेसातच्या आत बसूच शकत नाही. अशा तीन-चार नकारांतून उरणारा तास हाच तुमचा तास. तो आठवड्यातून एकदाच ठेवा, आणि ठरला की बदलू नका.

आठ आठवड्यांचे वेळापत्रक आखताना पंचांग जवळ ठेवा. गणेश चवथीच्या आठवड्यात कोणी काही लिहिणार नाही, म्हणून ती सुट्टी आधीच लिहून टाका. शिगमो, गावची जत्रा, कालोत्सव यांच्या तारखा प्रत्येकाच्या गावाप्रमाणे वेगळ्या असतात. पहिल्याच बैठकीत त्या विचारून घ्या. जून-जुलैमध्ये सत्तरी-सांग्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. त्या महिन्यांत अंतिम तारखेनंतर दोन दिवसांची सूट सगळ्यांना सरसकट द्या. एकेकाने फोन करून कारण सांगायचे आणि कोणीतरी ते पटवून घ्यायचे, यात माणसे दुखावतात.

पहिला आठवडा: सहा वाक्यांचा करार

ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये गटांच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले: जमणे, खटके उडणे, नियम बसणे, काम होणे. प्रत्यक्ष वर्गात खटका दुसऱ्या आठवड्यात उडू शकतो. ऑनलाइन मात्र तो दिसत नाही, माणूस नुसता गप्प होतो. म्हणून खटक्याची वाट न पाहता नियम आधी ठरवून घ्या. करार लांबलचक नको. सहा वाक्ये पुरतात, आणि ती गटाने स्वतः लिहिलेली असावीत. नमुना असा:

‘बैठक बुधवारी रात्री 9.15 ते 9.55. संदेशाला 24 तासांत उत्तर द्यायचे, निदान “पाहिले, उद्या सांगतो” एवढे तरी. येता येणार नसेल तर बैठकीपूर्वी आपल्या भागाचा तीन मिनिटांचा ध्वनिसंदेश टाकायचा. काम अडले तर दोन दिवसांत सांगायचे, शेवटच्या दिवशी नाही. फॉरवर्ड आणि शुभ सकाळ इथे नकोत. एकमताने ठरले नाही तर त्या आठवड्याचा संयोजक ठरवील आणि बाकीचे ते मानतील.’

हा मजकूर गटाच्या वर्णनात चिकटवून ठेवा. तिथे तो कायम दिसतो. चॅटमध्ये टाकला तर दोन दिवसांत वर वाहून जातो. शेवटचे वाक्य गटाला कडक वाटते आणि वगळावेसे वाटते. वगळू नका. निर्णय न होणे हेच गट बंद पडण्याचे मोठे कारण आहे, चुकीचा निर्णय पुढच्या आठवड्यात दुरुस्त करता येतो.

संबोधनही याच आठवड्यात ठरवा. गटात एक ‘सर’, एक ‘मॅडम’ आणि तीन नुसती नावे असतील तर बोलण्याचा हक्क कोणाचा हे न सांगता ठरून जाते. सगळ्यांना नावापुढे बाब आणि बाई, किंवा सगळ्यांना भाऊ आणि ताई. काहीही चालेल, पण सर्वांना सारखे.

काम बांधायचे कसे

इथे वेळ द्या, कारण बाकी सगळे याच्यावर उभे आहे. एलियट अ‍ॅरनसन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांसाठी एक पद्धत बसवली. धडा तुकड्यांत वाटायचा, प्रत्येक मुलाने आपला तुकडा इतरांना शिकवायचा, आणि परीक्षा सगळ्या धड्यावर घ्यायची. प्रौढांच्या ऑनलाइन गटाला ही पद्धत नेमकी लागू पडते, फक्त शेवटचा प्रश्न नीट निवडावा लागतो.

उदाहरण म्हणून गोव्याच्या खाजन जमिनीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचा, प्रकल्प घ्या. शिक्षकांच्या किंवा समाजशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासक्रमात तो बसतो. भाग पाच: बांध, मानस (बांधातले पाणी आत-बाहेर सोडणारे दार), कोरगुट भात (खाजनात पिकणारी जात), मासे आणि मिठागरे, गावकरी व्यवस्था (गावाची जमीन सामायिक सांभाळणारी जुनी संस्था, हिलाच कोमुनिदाद म्हणतात). एवढ्यावर थांबलात तर पाच निबंध हाती येतील. म्हणून गटाला एकच प्रश्न द्या: ‘पावसाळ्याआधी बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले, तर पुढच्या दोन हंगामांत त्या खाजनात काय काय होईल आणि दुरुस्ती कोणी करायची?’

आता पाहा. बांध वाचणाऱ्याला पाणी कुठून शिरले ते सांगता येईल. पण ते बाहेर कसे जाईल हे मानसवाल्याला ठाऊक: भरतीचे पाणी मानसीची दारे दाबून बंद करते आणि ओहोटीला आतले पाणी ती ढकलून उघडते. म्हणजे शेतातले पाणी ओहोटीच्याच वेळी जाणार. जमिनीत राहिलेले मीठ पावसाने धुऊन जायला हवे आणि कोरगुट मीठ काही प्रमाणात सोसतो, हे तिसऱ्याकडून कळेल. आत शिरलेल्या पाण्याबरोबर मासळीचे काय होते ते चौथ्याकडून. बांधाची डागडुजी पूर्वी कोणाकडे होती आणि आज कोणाच्या अंगावर येते, हे पाचव्याकडून. उत्तराचा एक परिच्छेदही कोणाला एकट्याने लिहिता येत नाही. असा प्रश्न सापडला की अर्धे काम झाले. प्रश्न चांगला आहे की नाही हे तपासायची सोपी खूण: पाचांतला कोणताही एक भाग झाकून पाहा. तरीही उत्तर पुरे होत असेल तर प्रश्न बदला.

आठवडे असे पाडा. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने आपला भाग वाचून 300 शब्दांचे एक पान लिहायचे, जास्त नाही. वर्गात 25 जण असतील तर पाचही गटांतल्या बांधवाल्यांची वेगळी बैठक याच आठवड्यात घ्या, तशीच मानसवाल्यांची आणि बाकीच्यांची. हा टप्पा घाईत गाळला जातो आणि इथेच पद्धत फसते: एकाने आपला भाग चुकीचा समजून घेतला तर तो चुकीचाच शिकवतो आणि चौघे विश्वासाने ते उतरवून घेतात. तिसऱ्या आठवड्यात मूळ गटात शिकवणे. चौथ्यात दोघा-दोघांनी गावातल्या जाणत्या माणसाशी बोलणे. चोडण-दिवाडी बेटांकडे ओळख असेल त्याने ती वापरावी. पाचव्यात उत्तराचा कच्चा मसुदा. सहाव्यात प्रत्येकाने दुसऱ्याच्या लिखाणावर हात फिरवायचा, स्वतःच्या नाही. सातव्यात सगळे मोठ्याने वाचून काढायचे. आठवा आठवडा मोकळा ठेवा, तो भरतोच.

या पद्धतीत एक धोका आहे: एक माणूस गेला की सगळे अडते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक भागाला जोडीदार. कोरगुटवाल्याने मानसीचे पान वाचून ठेवायचे, मानसवाल्याने बांधाचे, असे फिरते. जोडीदाराने लिहायचे काही नाही, फक्त वेळ आली तर पाच मिनिटे बोलता येईल एवढी तयारी ठेवायची.

चाळीस मिनिटांची बैठक

झूमच्या मोफत खात्यावर बैठक 40 मिनिटांनी तुटते. ही अडचण समजू नका, तेवढीच बैठक हवी. शिकवण्याच्या बैठकीत पाच जणांना सहा-सहा मिनिटे, म्हणजे 30, आणि प्रश्नांना 5. इतर बैठकांत पहिली तीन मिनिटे सगळ्यांनी गप्प राहून सामायिक कागदावर आपले मत लिहायचे आणि मग बोलायचे. ही तीन मिनिटे विचित्र वाटतात, पण याने फार फरक पडतो. आधी लिहिले गेले की पहिल्या बोलणाऱ्याचे मत सगळ्यांचे होत नाही, आणि तोंडाने बोलायला संकोचणाऱ्याचे म्हणणे कागदावर आलेले असते.

प्रत्येक बैठकीत शेवटची पाच मिनिटे राखून ठेवा. त्यात एकच गोष्ट: कोण, काय, कधीपर्यंत. ‘आपण मसुदा बघूया’ हे काम नव्हे. ‘काणकोणच्या ताई मानसीचे दोन परिच्छेद शनिवारी रात्रीपर्यंत कागदावर टाकतील’ हे काम. संयोजकाने ती ओळ बैठक चालू असतानाच लिहून गटात पिन करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर सात दिवसांसाठी पिन करता येते, तेवढे पुरे.

संयोजक दर आठवड्याला बदला. त्याने स्वतः जास्त बोलायचे नाही. जत्रेतल्या नाटकाच्या प्रॉम्प्टरसारखे त्याचे काम, कोण कुठे अडला तिकडे लक्ष ठेवायचे. पहिल्या आठवड्याला सगळ्यांत उत्साही माणूस संयोजक करू नका. मग तो कायमचा संयोजक होतो आणि बाकीचे त्याचे कार्यकर्ते.

लिखाण एकाच सामायिक गुगल कागदावर ठेवा, फायली पाठवू नका. फायली फिरू लागल्या की ‘अंतिम’, ‘अंतिम 2’, ‘खरेच अंतिम’ अशी रांग लागते आणि जुन्या फायलीवर कोणीतरी दोन तास काम करते. सामायिक कागदाच्या आवृत्ती-इतिहासात कोणी काय लिहिले ते वेळेसह दिसते. आवाज वेगळा मोजला जाणे म्हणतात ते हेच. दुसऱ्याच्या मजकुरात थेट खोडाखोड न करता ‘सूचना’ हा पर्याय चालू ठेवून बदल सुचवा. पन्नाशीतल्या माणसाने कष्टाने लिहिलेला परिच्छेद सकाळी गायब दिसला तर तो पुन्हा लिहीत नाही.

भाषा

गोव्यातल्या गटात वाचायचे साहित्य इंग्रजी असते, बोलणे कोंकणीत होते आणि उत्तर मराठीत लिहायचे असते. बोलायला कोणतीही भाषा चालू द्या; ‘मराठीतच बोला’ म्हटले की दोघे बोलायचे थांबतील. लिहिताना मात्र पहिल्या पानावर शब्दांची यादी करा. एकाने गावकरी लिहिले आणि दुसऱ्याने कोमुनिदाद, तर वाचणाऱ्याला त्या दोन संस्था वाटतात. पंधरा-वीस शब्द ठरवले की काम भागते. मराठी-कोंकणी हा वाद मात्र अभ्यासगटात येऊ देऊ नका. त्याचे दुखणे दोन्हीकडे खरे आहे, आणि अभ्यासाच्या गटात ते सुटणारे नाही. सुरू झालाच तर संयोजकाने त्याच मिनिटाला कामाचा पुढचा प्रश्न टाकावा.

गप्प बसणारा आणि पुढे पुढे करणारा

गप्प माणसाला गटात जाहीर विचारू नका. ‘तुमचे काय चालले आहे, काहीच दिसत नाही’ असे चौघांसमोर लिहिले की तो कायमचा जातो. क्रम असा ठेवा: दोन दिवस उत्तर नाही, तर खासगी संदेश; चार दिवस, तर फोन; सात दिवस, तर जोडीदार त्याचा भाग उचलतो आणि गटात तसे साधेपणाने लिहिले जाते. फोनवर ‘का केले नाही’ नको, ‘कुठे अडले’ विचारा. उत्तर बहुतेक वेळा साधे असते. कागद मोबाइलवर उघडत नाही, मराठी टंकलेखन येत नाही, घरात आजारपण आहे, किंवा इंग्रजी लेख कळला नाही आणि सांगायची लाज वाटते. पहिल्या दोन गोष्टी दहा मिनिटांत सुटतात. टंकलेखनाऐवजी फोनवर बोलून लिहिण्याची सोय दाखवा. शेवटच्या गोष्टीसाठी त्याला वेगळे छोटे काम द्या, ज्यात तो नक्की यशस्वी होईल: गावातल्या माणसाची मुलाखत, फोटो, शब्दांची यादी. परत आलेल्याला ‘या बसा, आलात ते बरे झाले’ एवढेच म्हणायचे.

एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘मला कळले नाही’ किंवा ‘माझे चुकले’ म्हणणे जिथे धोक्याचे वाटत नाही ते गट जास्त शिकतात असे दिसले. ते बोलणे सुरू कोणी करायचे? गटात ज्याचे शिक्षण किंवा पद सर्वांत मोठे आहे त्याने. निवृत्त मुख्याध्यापक पहिल्या बैठकीत ‘हा परिच्छेद मला दोनदा वाचूनही कळला नाही, कोणी सांगेल का’ म्हणाले, तर बाकीच्या चौघांची जीभ सुटते.

पुढे पुढे करणाऱ्याला गप्प करू नका, त्याच्या हाताला काम द्या. त्याला टिपणे लिहायला बसवा. लिहिणाऱ्याला ऐकावे लागते. तरीही तो सगळ्यांचे लिखाण आपणच सुधारू लागला, तर सहाव्या आठवड्याचा नियम दाखवा: हात फिरवायचा तो एकाच भागावर.

गुण

सगळ्यांना सारखे गुण दिले तर काम करणारे चिडतात. सगळे वेगळे दिले तर गट मोडतो. 60 गुण गटाच्या उत्तराला आणि 40 व्यक्तीला, ही विभागणी बरी चालते. 40 पैकी निम्मे स्वतःच्या पानाला, आणि निम्मे दुसऱ्याच्या भागावरच्या छोट्या तोंडी प्रश्नांना ठेवा. मानसवाल्याला कोरगुटवर दोन प्रश्न विचारा. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवले की तिसऱ्या आठवड्यात सगळे लक्ष देऊन ऐकतात. सहकाऱ्यांनी एकमेकांना आकडे देण्याची पद्धत आपल्याकडे जमत नाही, सगळे सगळ्यांना पूर्ण गुण देतात. त्याऐवजी प्रत्येकाकडून शिक्षकाला खासगीत दोन वाक्ये घ्या: कोणाच्या कोणत्या कामामुळे माझे काम सोपे झाले, आणि पुढच्या वेळी गटाने काय वेगळे करावे.

गट संपवताना

उत्तर दिले की गट तसाच लोंबकळत ठेवू नका. आठव्या आठवड्यात तीन गोष्टी करा. अंतिम कागद पीडीएफ करून पाचही जणांनी आपापल्या फोनवर उतरवावा, कारण संस्थेने दिलेले खाते अभ्यासक्रम संपल्यावर बंद झाले तर कागदही जातो. कागदाची मालकी ज्याच्या खात्यावर आहे त्याने इतरांना प्रत काढायची परवानगी चालू ठेवावी. ज्या गावकऱ्यांशी बोलणे झाले त्यांना पान दाखवून त्यांचे नाव घालायचे की नाही ते विचारावे, आणि नको म्हणाले तर पाचही प्रतींतून काढावे.